अनुमोदकाचा जबडा

गावच्या विकास सोसायटीच्या सभेत ठराव मांडायला कोणीही चालतो. मांडणारा दरवर्षी बदलतो, कारण ठराव मांडला की फोटो निघतो आणि फोटोसाठी गावात रांग असते. अनुमोदनाला मात्र एकोणीस वर्षं एकच माणूस होता, तो म्हणजे शहादेव. सूचकानं ठराव वाचला की चेअरमन विठ्ठलराव मान वर करून तिसऱ्या रांगेकडं बघायचे. शहादेव उठायचा, टोपी सारखी करायचा आणि देवळाच्या कळसावरचं कबुतर उडेल अशा आवाजात म्हणायचा, "अनुमोदन हाय." मग बाकीचे "मंजूर, मंजूर" करायचे आणि चहा यायचा.

ह्या कामाला पगार नव्हता, खुर्ची नव्हती, हारही नव्हता. तरी शहादेवला ते पुरायचं. बायको अंजना जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा चाकणला कंपनीत होता आणि रविवारी फोन करायचा, म्हणजे ज्या रविवारी सुट्टी असेल त्या रविवारी. रान बटईनं दिलेलं, बैल विकलेले. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस शहादेववाचून कुणाचं काही अडायचं नाही. एक दिवस मात्र अख्खी सभा त्याच्या तोंडाकडं बघत बसायची.

आणि नेमकं तोंडच बिघडलं.

सुरुवात उजव्या कानापुढं झाली. आधी नुसता आवाज यायचा. घास चावताना कट्, जांभई देताना कट्. मग कळ निघायला लागली, कानशिलात, कपाळात, मानेत. शहादेवला वाटलं दाढ. दिंद्रुडच्या बाजारात दात काढायला बसणाऱ्या माणसालाही दाढच वाटली. त्याला दुसरं काही वाटायची सोय नव्हती. त्यानं एक दाढ काढली. दुखणं राहिलं. महिन्यानं त्यानं शेजारची काढली आणि म्हणाला, "पहिली चुकून निघाली असंल, आता बराबर निघाली." दुखणं तरीही राहिलं, उलट दोन दाढांची जागा मोकळी झाल्यानं ऐसपैस झालं. कानाच्या डॉक्टरनं कान उत्तम असल्याचं सांगितलं आणि उत्तम कानात घालायचे थेंब दिले.

गावात दुखणं दिसावं लागतं. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं, ताप आला तर घोंगडी दिसते, आणि लोक बघायला येतात. शहादेवचं दुखणं कुठूनच दिसत नव्हतं. लोकांनी ते आधी वयावर ढकललं, मग स्वभावावर. "अण्णा आजकाल तोंड वाकडं करून बोलत्यात," असं झालं. कळ आली की तोंड वाकडं होत होतं, एवढं खरं होतं.

शेवटी तो यस्टीनं बीडला गेला, डॉक्टर मुनव्वरकडं. हा दातांचा डॉक्टर. बाप स्टँडसमोर फळं विकायचा. पोरगा आता फळं खायचे दात बघत होता. त्यानं शहादेवच्या दोन्ही कानांपुढं बोटं टेकवली आणि तोंड उघडमीट करायला लावलं. मग शहादेवचीच बोटं एकावर एक करून तोंडात घालायला सांगितली. तीन जायला पाहिजे होती. दोन गेली, दुसरं रडतरडत.

"काका, त्या दाढा निर्दोष होत्या," डॉक्टर म्हणाला.

"दोन्ही?"

"दोन्ही. दुखणं इथं हाय, कानापुढं. जबड्याची बिजागरी हाय ही. आत गादी असती, ती जागची सरकती. भोवतीचे स्नायू पण दमलेत. तुम्ही दात आवळून बसता."

"मी न्हाई आवळत."

"आत्ता काय करताय?"

शहादेवनं दात सोडवले.

डॉक्टरनं मग ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ वरच्या दातांमागं निवांत, असं बसून दाखवलं. जेवण सोडलं तर दिवसभरात दाताला दात लागायचं कामच नसतं, म्हणाला. शहादेवला हे नवीन होतं. अठ्ठावन्न वर्षं तो समजत होता की दात एकमेकांवर ठेवायलाच दिलेले आहेत.

पथ्य मोठं होतं. भाकरी दुधात कुस्करून, नाहीतर खिचडी. ऊस, सुपारी, फुटाणे बंद. सकाळ-संध्याकाळ गरम फडक्यानं शेक. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरायची. झोपताना वरच्या दातांवर बसवायला मापाची प्लास्टिकची पट्टी. ऑपरेशन नको, बहुतेकांना लागत नाही; पण सहा महिने धीर पाहिजे.

"आणि मोठ्यानं ओरडायचं न्हाई," डॉक्टर म्हणाला.

"वर्षातून एकदाच ओरडतो."

"काय ओरडता?"

"अनुमोदन हाय."

डॉक्टरनं थोडा विचार केला. "हळू बोललेलं चालत न्हाई का?"

"तसं कुणी करून बघितलं न्हाई."

निघताना डॉक्टरनं एक छोटी डायरी दिली. ज्या ज्या वेळी दात आवळलेले सापडतील त्या वेळेपुढं फुली मारायची. शहादेवला खात्री होती की फुल्या सोसायटीत पडणार, विठ्ठलराव बोलायला लागले की. विठ्ठलरावांचं बोलणं ऐकताना गावातली निम्मी माणसं दात आवळून बसायची. तो तर सगळ्यात जवळ बसायचा. पण महिनाभरानं डायरी उघडली तर सोसायटीपुढं चार-दोनच फुल्या होत्या. बाकी सगळ्या संध्याकाळी सात ते नऊच्या रकान्यात, मुंग्या लागल्यासारख्या.

डॉक्टर मुनव्वरनं तो रकाना बराच वेळ पाहिला.

"ह्या टायमाला घरी कोण असतं?"

"कुणी न्हाई."

"मग दातओठ कुणावर खाता काका?"

शहादेवनं डायरी त्याच्या हातातून घेऊन खिशात घातली.

त्या वर्षी, दोन हजार बारा साली, पाऊस आलाच नाही. दिवाळीला विहिरीत बादली सोडली तर दगडावर आपटल्याचा आवाज यायचा. संक्रांतीपर्यंत कडबा संपला. आजूबाजूच्या गावांत जनावरांच्या छावण्या उघडल्या: संस्थेनं चारा-पाण्याची सोय करायची, सरकारनं खर्च द्यायचा. आपल्या सोसायटीनंही छावणी मागायची असं ठरलं. हा ठराव पंचांच्या बैठकीत पाच मिनिटांत झाला असता, पण विठ्ठलरावांना तो अख्ख्या गावानं एकमतानं केलेला पाहिजे होता. वर पाठवायच्या कागदावर 'एकमताने' हा शब्द उठून दिसतो. म्हणून विशेष सभा बोलावली.

सभेत विठ्ठलराव पन्नास मिनिटं बोलले. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांनी दुष्काळातल्या माणसांना समजावून सांगितलं. शहादेव तिसऱ्या रांगेत बसून दात सुटे ठेवायचा प्रयत्न करत होता, पण आपली पाळी येणार म्हटल्यावर सकाळपासूनच जबडा ताठला होता. सूचकानं ठराव वाचला. विठ्ठलरावांनी मान वर केली. शहादेव उठला, टोपी सारखी केली आणि तोंड उघडायला गेला.

कट् झालं आणि जबडा जागच्या जागी अडकला. अर्ध्या बोटाएवढी फट पडली, पुढं जाईना. कळ अशी निघाली की डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं तोंडावर हात धरला, सगळ्या सभेकडं एकदा पाहिलं आणि खाली बसला.

एकोणीस वर्षांत हे झालं नव्हतं. अनुमोदक उठतो, डोळ्यांत पाणी आणतो, तोंडावर हात ठेवतो आणि खाली बसतो, ह्याचा अर्थ आपल्याकडं एकच होतो. दोनदा पडलेले विरोधी पॅनलचे धोंडीराम अशा अर्थासाठी नऊ वर्षं टपून बसले होते. ते ताडकन उठले.

"अण्णानं अनुमोदन द्यायला नकार दिला हाय. एका भल्या माणसाच्या डोळ्यात पाणी आलं. ह्या ठरावात काहीतरी काळंबेरं हाय."

"अण्णा, काय झालं?" सोसायटीचा सेक्रेटरी बंकट कुजबुजला. "बोला की."

शहादेवनं मान हलवली. ती 'बोलता येत न्हाई' अशी हलवली होती. सभेनं 'न्हाई' एवढीच घेतली.

दुसरा कोणी उठून अनुमोदन देऊ शकला असता. कायद्यात तशी बंदी नाही. पण आता देणारा शहादेवच्या विरोधात गेला असता, आणि शहादेव कोणाच्या बाजूचा हे कळेपर्यंत त्याच्या विरोधात जाणं शहाणपणाचं नव्हतं. शिवाय 'एकमताने' गेलं असतं. विठ्ठलरावांनी सभा आठ दिवस तहकूब केली. चहा तयार होता, तो तसाच प्याले.

त्या संध्याकाळी सात वाजता धोंडीराम चार माणसं घेऊन शहादेवच्या घरी आले. गेल्या चार वर्षांत त्या घरात एका वेळी दोनपेक्षा जास्त माणसं बसली नव्हती. शहादेवनं गालाला गरम फडकं लावून डोक्यावरून टॉवेल बांधला होता. डॉक्टर मुनव्वरनं फोनवर तसंच सांगितलं होतं, की शेका, जोर लावू नका, दोन दिवसांत सुटलं नाही तर या.

"मौन धरलंय," धोंडीराम आपल्या माणसांना म्हणाले. "बघा. असा माणूस पाहिजे."

"कावून धरलं असंल?" एकानं विचारलं.

"सगळं बोलूनच सांगायचं असतं का बे?"

ते दोन तास बसले. शहादेव ऐकत होता, हूं हूं करत होता. ते गेल्यावर बंकट आला, विठ्ठलरावांकडून. त्यानं डब्यातून शिरा आणला होता. "साहेबांनी विचारलंय, अण्णा कशामुळं नाराज हायत. शिर्डीच्या सहलीत नाव राहिलं त्यामुळं का?" शहादेवनं शिरा खाल्ला. तो मऊ होता, पथ्यात बसत होता.

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची माणसं आली. एकमेकांकडं न बघता एकाच सतरंजीवर बसली, आणि दोन गटांना एका घरात गप्पा माराव्या लागल्या. गप्पा पावसाच्या, टँकरच्या, कुणाच्या तरी जावयाच्या. कुणीतरी अंजनाची आठवण काढली, तिच्या हातचं आमटीचं वाटण लई झणझणीत असायचं म्हणाला. शहादेवनं चार वर्षांत तिचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, शेक घेता घेता, जबडा हळूच सुटला. दोन बोटं सहज गेली. शहादेव आरशापुढं उभा राहून म्हणाला, "अनुमोदन हाय." आवाज बरा होता. त्यानं चपला घातल्या, सोसायटीत जाऊन बंकटला सांगावं म्हणून उंबऱ्यापर्यंत गेला. तिथं त्याच्या लक्षात आलं की सांगितलं की काम झालं, आणि काम झालं की संध्याकाळी कुणी येणार नाही. त्यानं चपला काढल्या. साडेसहाला टॉवेल परत बांधला.

चौथ्या दिवशी माणसं आली, पाचव्या दिवशी आली. डायरीतला सात ते नऊचा रकाना पाच दिवस कोरा होता. औषधानं जे झालं नव्हतं ते गैरसमजानं झालं होतं.

सहाव्या दिवशी दुपारी शेजारच्या मंजुळाबाई आल्या. विधवा बाई, घरात एक गाय आणि त्या. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. चाहूल लागली तशी शहादेवनं टॉवेल बांधला होता.

"अण्णा, माझ्या गायीचा ठरावाला इरोध न्हाई," त्या म्हणाल्या.

शहादेवनं टॉवेलाला हात लावून दाखवला.

"ऱ्हाऊ द्या. मधी एका इटाची भित हाय. सकाळी भांडी घासताना बोलता तुमी. परवा तर अंजनाबाईला कायतरी सांगत होतात."

शहादेवनं टॉवेल सोडला.

"कुणाला सांगितलं का?"

"मला काय करायचं सांगून. चार माणसं येत्यात, चांगलं हाय. मलाबी भितीआडून ऐकू येतंय, माझाबी येळ जातो." त्यांनी आपल्या छपराकडं बोट दाखवलं. "छपराचं पाचट काढून घालते गायीला. काल बसली ती उठंना. मी एकटीनं शेपटीला धरून ओढली. आज उठली. उद्याचं म्हाईत न्हाई."

एवढं बोलून त्या गेल्या. रागावल्या असत्या तर शहादेवला उत्तर देता आलं असतं. संध्याकाळी माणसं आली तेव्हा तो त्यांच्याकडं न बघता भिंतीकडं बघत बसला. पलीकडं गाय धापा टाकत होती. धोंडीराम म्हणत होते, "आणखी दोन हप्ते ताणून धरा अण्णा, विठ्ठलराव गुडघे टेकतो बघा." शहादेवला कळलं की आणखी दोन हप्ते माणसं नक्की येणार. त्याला हेही कळलं की आपले दात घट्ट आवळलेले आहेत, घर माणसांनी भरलेलं असताना.

आठव्या दिवशी सभा भरली. आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसंसुद्धा आली होती. अशी गर्दी मतदानालाही होत नाही. सूचकानं ठराव वाचला. विठ्ठलरावांनी मान वर केली, ह्या वेळी जरा जपून. शहादेव उठला. त्यानं तोंड जेवढं उघडत होतं तेवढंच उघडलं आणि शेजारच्याशी बोलावं तसं म्हणाला,

"अनुमोदन हाय. त्या दिवशीबी होतं. जबडा अडकला होता."

इतकी शांतता होती की मागच्या रांगेलाही ऐकू गेलं. मग मागून कुणीतरी "मंजूर" म्हणालं आणि ठराव एकमतानं पास झाला.

जबड्याचं मात्र कुणालाच पटलं नाही. धोंडीराम बाहेर पडताना म्हणाले, "केवढ्याला इकला गेला म्हणं." विठ्ठलरावांनी बंकटला विचारलं, "तू काय कबूल केलंस त्याला?" बंकट म्हणाला, "मी फकस्त शिरा दिला." विठ्ठलरावांनी त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की जणू एवढ्या स्वस्तात काम करणारा सेक्रेटरी त्यांना आधी दिसलाच नव्हता. शहादेव मध्ये उभा राहून दोघांनाही सांगत होता, की ही कानापुढची बिजागरी असते, तिच्यात गादी असते. दोघंही हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवून पुढं गेले.

संध्याकाळी त्यानं सतरंजी अंथरली. सव्वानऊला परत गुंडाळली. दुसऱ्या दिवशी अंथरली नाही.

छावणी पंधरा दिवसांनी उघडली, गावाबाहेर ओढ्याच्या कोरड्या पात्राशेजारी. चारशे जनावरं, प्रत्येकाच्या कानात बिल्ला, प्रत्येक दावणीला एक माणूस. गावातले लोक जनावरांसोबत तिथंच राहायला गेले. दिवसभर झाडाखाली बाजा टाकून गप्पा, पत्ते, संध्याकाळी भजन. गावात मागं राहिले ते शाळेचे मास्तर, दोन आजारी म्हाताऱ्या आणि शहादेव. गल्लीतून चालताना आपल्याच चपलांचा आवाज पाठीमागून आल्यासारखा वाटायचा.

चौथ्या दिवशी तो छावणीवर गेला. फाटकात बंकट वही घेऊन बसला होता.

"जनावर कोणतं अण्णा?"

"जनावर न्हाई. असाच आलो."

बंकट अवघडला. "असं न्हाई सोडता येत. तपासणी चालू हाय. आत जेवढी माणसं तेवढी जनावरं दाखवावी लागत्यात. जनावराशिवाय माणसाची सोय न्हाई इथं."

"मी अनुमोदन दिलंय की छावणीला."

"दिलंय ना. म्हणूनच तर उघडली." बंकटला खरंच वाईट वाटत होतं. "तुमी एखादी शेळी तरी घ्यायची."

"शेळी चालती का?"

"न्हाई चालत. मी आपलं म्हणलं."

आतून मंजुळाबाईंनी हे पाहिलं. त्या फाटकापाशी आल्या. "माझ्या गायीपुढं लिव्हा त्येंचं नाव," त्या बंकटला म्हणाल्या. "मला घरी जाऊन पाणी भरायचंय, टँकर यायचाय. चार वाजेस्तोवर येते."

बंकटनं मंजुळाबाईंचं नाव खोडून गायीपुढं शहादेवचं लिहिलं. एकोणीस वर्षं त्याचं नाव दुसऱ्यांच्या ठरावाखाली लागत होतं. आता दुसऱ्याच्या गायीखाली लागलं.

गाय बसली होती. अंगावरच्या बरगड्या अजून मोजता येत होत्या, पण नजर निवळली होती. शहादेव तिच्यासमोर उकिडवा बसला. शेजारच्या दावणीवरची माणसं धोंडीरामांची होती. त्यांनी राम राम घातला आणि पत्त्यांत डोकं घातलं. गाय रवंथ करत होती. तिचा खालचा जबडा पार एका बाजूला जायचा, गोल फिरायचा, परत यायचा. कुठं कट् नाही, कुठं अडकणं नाही. मध्येच ती थांबायची, गळ्यातून काहीतरी वर यायचं, आणि परत सुरू. शहादेव ते चार वाजेपर्यंत बघत बसला. मधे एकदा तिला म्हणाला, "तुला बरंय." गायीनं कान हलवला. राम राम सोडला तर छावणीच्या आत त्याच्याशी झालेलं तेवढंच बोलणं.

चारला मंजुळाबाई आल्या, बंकटनं शहादेवचं नाव खोडलं आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी टँकर येणार नव्हता, आणि मंजुळाबाईंना घरी दुसरं काही काम नव्हतं. शहादेव अकरालाच फाटकापाशी येऊन उभा राहिला, आणि त्यांना एखादं काम आठवायची वाट बघू लागला.